वाचकांचे प्रश्न : रिकेल्मेचा वेग आणि रिकेल्मेची किंमत

दहा क्रमांकाची जर्सी घालणाऱ्या फुटबॉलपटूंवर गेल्या अंकात जो लेख प्रसिद्ध झाला, त्यातील हुआन रोमान रिकेल्मे या अर्जेंटिनाच्या खेळाडूविषयीच्या मजकुरावर सर्वाधिक पत्रे आली. त्याला थोर म्हणावे की आळशी, यावर वाचकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : रिकेल्मे मैदानात धावतच नसे, असे आमच्याकडचे जुने खेळाडू सांगतात. न धावता मधल्या फळीत खेळता येते का? येत असेल, तर हा खेळाडू एवढा मोठा कशामुळे ठरला?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर)

आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. वेग हे रिकेल्मेचे बळ कधीच नव्हते आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेल्यावर तो परत मिळवण्यासाठी मागे पळत जाण्याचे काम त्याने कधी मनापासून केले नाही. तरीही तेवढ्यावरून त्याची ओळख पुरी होत नाही.

24 जून 1978 रोजी ब्युनोस आयरेसच्या उत्तरेकडील सान फेर्नांदो येथे त्याचा जन्म झाला. जवळच्याच दॉन तोर्क्वातो या गावातील गरीब वस्तीत, भरपूर भावंडांच्या घरात तो वाढला. आर्जेंतिनोस ज्युनियर्स या क्लबच्या कुमार संघात घडलेल्या या मुलाला 1996 मध्ये बोका ज्युनियर्सने घेतले आणि त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला तो बोकाच्या मुख्य संघातून पहिला सामना खेळला. पुढच्या वर्षी मलेशियात झालेली 20 वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा अर्जेंटिनाने जिंकली, त्या संघात तो होता. संघाचे प्रशिक्षक होते होसे पेकरमन, आणि हे नाव पुढील एका उत्तरात पुन्हा येणार आहे. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला बोकाचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या रिव्हर प्लेटच्या मैदानावर दिएगो मॅराडोना बोकाकडून कारकिर्दीतला अखेरचा अधिकृत सामना खेळला. मध्यंतरानंतर तो पुन्हा मैदानात आला नाही. त्याच्या जागी उतरला तो एकोणीस वर्षांचा रिकेल्मे.

त्याची जागा दोन आघाडीवीरांच्या मागे आणि मधल्या फळीतील बाकीच्यांच्या पुढे, मैदानाच्या ऐन मध्यावर असे. चेंडू आला की तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून उभा राही, बुटाचा तळवा चेंडूवर ठेवी, खांदा आणि दंड यांचा आडोसा करी आणि मान वर करून आघाडीवीर कुठे पळत आहेत ते पाही. पाठीमागचा खेळाडू धक्के देत राही, पाय घालू पाही. चेंडू मात्र मिळत नसे. या दोन-तीन क्षणांत सारे मैदान त्याच्या लयीवर येई. विलंबित ख्यालात गवई समेवर यायची घाई करत नाही आणि श्रोत्यांनाही ती करू देत नाही, तसा हा प्रकार होता. मग एखादा पास असा सुटे, की बचावपटूंच्या रांगेतील फट सर्वांच्या ध्यानात येईपर्यंत आघाडीवीर तिच्यातून पार झालेला असे. पाय संथ होते, पण नजर सर्वांच्या पुढे धावत होती.

एक प्रसंग जवळून पाहण्याजोगा आहे. 24 मे 2000 रोजी कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, उपांत्यपूर्व फेरीच्या दुसऱ्या सामन्यात बोका आणि रिव्हर बोकाच्या ला बोम्बोनेरा या मैदानावर समोरासमोर होते. कडेच्या रेषेजवळ रिकेल्मे पाठमोरा उभा असताना रिव्हरचा उंचापुरा कोलंबियन बचावपटू मारिओ येपेस मागून अंगावर आला. समोर रेषा, मागे येपेस, अशा अडचणीत कोणीही चेंडू बाहेर मारून मोकळा झाला असता. रिकेल्मेने तळव्याने चेंडू अलगद मागे ओढला, तो येपेसच्या दोन पायांमधून पलीकडे गेला आणि रिकेल्मे वळसा घालून पलीकडे त्याला जाऊन मिळाला. त्यातून गोल झाला नाही. तरीही अर्जेंटिनात आजही बोकाच्या त्या 3-0 अशा विजयातील गोलांपेक्षा या एका क्षणाची चर्चा अधिक होते. त्या सामन्यात पेनल्टीवर एक गोलही त्याने केला होता आणि दीर्घ दुखापतीनंतर परतलेला बोकाचा आघाडीवीर मार्टिन पालेर्मो याने अखेरच्या मिनिटांत तिसरा गोल केला होता, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात नसते.

प्रश्न : त्याचा एकच सामना पाहायचा झाला, तर कोणता पाहावा?
(वाचक, डोंबिवली)

28 नोव्हेंबर 2000 रोजी टोकियोत झालेला आंतरखंडीय चषकाचा सामना. युरोपचा विजेता रेआल माद्रिद एका बाजूला आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता बोका दुसऱ्या बाजूला. माद्रिदकडे फिगो, राऊल, रोबेर्तो कार्लोस, इयेरो आणि चेंडू हिसकावण्यात हातखंडा असलेला माकेलेले होता. पहिल्या सहा मिनिटांतच पालेर्मोने दोन गोल केले. त्यातला दुसरा गोल रिकेल्मेने आपल्या अर्ध्या भागातून बचावफळीच्या मागे टाकलेल्या लांब पासवर झाला. रोबेर्तो कार्लोसने लवकरच एक गोल फेडला आणि मग सुमारे 80 मिनिटे माद्रिदने बरोबरीसाठी जिवाचे रान केले.

पाहण्यासारखी आहेत ती हीच 80 मिनिटे. आघाडी राखायची म्हणजे सगळ्यांनी मागे येऊन चेंडू वाटेल तिकडे भिरकावायचा, असा सर्वसाधारण रिवाज. बोकाने मात्र संधी मिळेल तेव्हा चेंडू रिकेल्मेकडे दिला आणि त्याने तो जवळ ठेवला. माकेलेलेसह दोघे-तिघे हात धुऊन मागे लागले, पाडले, ओढले. तो उठून फ्री किक घेई आणि पुन्हा चेंडू मागून घेई. सामना 2-1 असा सुटला. सर्वोत्तम खेळाडूचा मान दोन गोल करणाऱ्या पालेर्मोला मिळाला, ते रास्तच होते; परंतु बचावाचे सर्वांत मोठे काम त्या दिवशी संघातील सर्वांत कमी बचाव करणाऱ्या खेळाडूने केले, असे आमचे मत आहे.

प्रश्न : एवढा गुणी खेळाडू बार्सिलोनात का अपयशी ठरला? दोष त्याचा की प्रशिक्षकाचा?
(वाचक, पुणे)

2002 मध्ये बार्सिलोनाने त्याला घेतले, तेव्हा प्रशिक्षकपदी लुई व्हान गाल होते. त्यांना हा खेळाडू नकोच होता. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनी परस्पर केलेली ही खरेदी आहे, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही. व्हान गाल यांच्या मांडणीत प्रत्येक खेळाडूची जागा ठरलेली, तिथून हलायचे नाही, आणि चेंडू गेला की सर्वांनी मिळून तो परत मिळवायचा. त्या मांडणीत रिकेल्मेची लाडकी जागाच नव्हती. त्याला पुष्कळदा कडेला खेळवण्यात आले आणि कडेच्या खेळाडूला लागतो तो वेग त्याच्यापाशी नव्हता. चेंडू तुझ्याकडे असतो तेव्हा तू जगात सर्वोत्तम असतोस, नसतो तेव्हा आम्ही एक माणूस कमी घेऊन खेळतो, अशा आशयाचे प्रशिक्षकांचे बोल रिकेल्मेनेच पुढे सांगितले आहेत.

हे बोल कठोर असले तरी खोटे नव्हते, आणि संपूर्ण कारकिर्दीची किल्ली त्यांतच आहे. रिकेल्मेला संघात घ्यायचे, तर त्याच्या वाट्याची धाव इतर कोणीतरी धावली पाहिजे. बोकात कार्लोस बियांची यांनी 1998 मध्ये प्रशिक्षकपदाची सूत्रे हाती घेतल्यावर हा व्यवहार उघडपणे मान्य केला. मौरिसियो सेर्ना, होसे बासुआल्दो आणि सेबास्तियान बातालिया यांच्यासारखे कष्टाळू खेळाडू त्याच्या मागे ठेवले, चेंडू मिळवायचे काम त्यांच्याकडे आणि पुढे काय करायचे ते ठरवायचे काम रिकेल्मेकडे. त्या काळात बोकाचा संघ देशांतर्गत साखळीत सलग 40 सामने अपराजित राहिला आणि 2000 व 2001 अशी लागोपाठ दोन वर्षे कोपा लिबर्तादोरेस जिंकला. हा सौदा बार्सिलोनाने कधी केलाच नाही. व्हान गाल यांना जानेवारी 2003 मध्ये जावे लागले, संघ मोसमाअखेर साखळीत सहावा आला, त्या उन्हाळ्यात रोनाल्दिन्यो आला आणि युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंवरील मर्यादेमुळे रिकेल्मेला जागा उरली नाही. दोष कुणाचा, असे विचारलेत म्हणून सांगतो: जो खेळाडू संघ आपल्याभोवती उभारावा अशी अपेक्षा ठेवतो, त्याला तशी तयारी नसताना विकत घेणाऱ्याचा दोष अधिक.

आणखी एक गोष्ट विसरू नये. 2002 च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनात त्याच्या धाकट्या भावाचे खंडणीसाठी अपहरण झाले होते. खंडणी दिल्यानंतर भाऊ सुखरूप सुटला. अशा अवस्थेत घर सोडून परदेशी आलेल्या चोवीस वर्षांच्या, मुळातच अबोल तरुणाकडून पहिल्याच मोसमात चमत्काराची अपेक्षा करणे कितपत योग्य होते, याचाही विचार व्हावा.

प्रश्न : 2006 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रिकेल्मेने पेनल्टी वाया घालवली नसती, तर व्हिलारेआलचा संघ अंतिम सामन्यात गेला असता, हे खरे ना?
(वाचक, नागपूर)

नाही, असे खात्रीने म्हणता येत नाही. हा गैरसमज सर्वदूर आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

व्हिलारेआल हे स्पेनच्या पूर्व किनाऱ्यालगतचे, फरशांच्या कारखान्यांवर जगणारे, जेमतेम 50,000 वस्तीचे गाव. बार्सिलोनाला नकोसा झालेला रिकेल्मे 2003 मध्ये तेथे गेला आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षक म्हणून चिलीचे मॅन्युएल पेलेग्रिनी आले. बियांची यांनी केला तोच सौदा पेलेग्रिनी यांनी केला: मागे मार्कोस सेना आणि होसिको यांच्यासारखे खंबीर खेळाडू, पुढे दिएगो फोर्लान, आणि मध्ये रिकेल्मे. 2004-05 च्या मोसमात हा संघ स्पॅनिश साखळीत बार्सिलोना आणि रेआल माद्रिद यांच्या पाठोपाठ तिसरा आला. फोर्लानने 25 गोल केले आणि रिकेल्मेने स्वतः 15.

पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग या युरोपातील क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत प्रथमच खेळणाऱ्या या गावाने मँचेस्टर युनायटेड, बेन्फिका आणि लील यांच्या गटात पहिले स्थान मिळवले, रेंजर्सला मागे टाकले आणि उपांत्यपूर्व फेरीत मिलानच्या इंटरला बाहेर काढले. इंटरविरुद्धचा निर्णायक गोल रिकेल्मेच्या फ्री किकवर रोदोल्फो आरुआबारेना याने डोक्याने केला. उपांत्य फेरीचा पहिला सामना आर्सेनलने लंडनमध्ये 1-0 असा जिंकला. 25 एप्रिल 2006 रोजी व्हिलारेआलच्या मैदानावर दुसरा सामना गोलशून्य बरोबरीत चालला असताना, अगदी शेवटच्या मिनिटांत यजमानांना पेनल्टी मिळाली. रिकेल्मेने फटका मारला. आर्सेनलचा गोलरक्षक येन्स लेहमन आपल्या डावीकडे झेपावला आणि त्याने तो अडवला.

आता हिशेब पाहा. तो गोल झाला असता, तर दोन्ही सामने मिळून 1-1 अशी बरोबरी झाली असती आणि खेळ अतिरिक्त वेळेत गेला असता. तेथे काय घडले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. यजमानांचा जोर होता, प्रेक्षक पाठीशी होते, त्यामुळे पारडे त्यांच्याकडे झुकले असते असे मानायला जागा आहे. पण ती एक शक्यता, त्याहून अधिक काही नाही. अंतिम सामन्यात समोर बार्सिलोना होता, ही गोष्ट मात्र कोणाही कथाकाराला मोहात पाडणारी आहे. त्या पेनल्टीचा भार रिकेल्मेच्या खांद्यावर अवाजवी पडला, कारण त्याच्यावाचून तो संघ तिथवर पोहोचलाच नसता.

प्रश्न : त्या काळच्या सामन्यांतील कोणी खेळाडू भारतात येऊन खेळला आहे का?
(वाचक, मडगाव)

होय, आणि त्यातला एक तुमच्याच गावात. त्या मोसमात आर्सेनलकडून खेळणारा फ्रान्सचा रॉबर पिरेस 2014 मध्ये इंडियन सुपर लीगच्या पहिल्या मोसमात एफसी गोवा संघातून फातोर्ड्याच्या मैदानावर खेळला. तेव्हा गोव्याचे प्रशिक्षक ब्राझीलचे झिको होते. गमतीचा भाग असा, की 2006 च्या उन्हाळ्यात पिरेस व्हिलारेआलमध्येच दाखल झाला होता. पण आल्या आल्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाल्याने तो कित्येक महिने बाहेर बसला आणि बरा होईपर्यंत रिकेल्मे बोकाला परतला होता. फोर्लान 2016 मध्ये मुंबई सिटी संघातून अंधेरीच्या मैदानावर खेळला, तो तेव्हा 37 वर्षांचा होता.

प्रश्न : 2006 च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध अर्जेंटिना 1-0 ने पुढे असताना पेकरमन यांनी रिकेल्मेला बाहेर का काढले? आणि मेस्सीला का उतरवले नाही? आमच्या घरात यावरून अजून वाद होतो.
(वाचक, बेळगाव)

आपल्याच घरात नव्हे, अर्जेंटिनातही हा वाद अद्याप मिटलेला नाही.

त्या स्पर्धेतील अर्जेंटिनाचा संघ पेकरमन यांनी सर्वस्वी रिकेल्मेभोवती बांधला होता. दहा क्रमांक त्याच्याकडे, मागे हाविएर माशेरानो. आयव्हरी कोस्टविरुद्धच्या विजयातील दोन्ही गोलांत त्याचा वाटा होता. 16 जूनला गेल्सेनकिर्खेन येथे सर्बिया व माँटेनेग्रोवर मिळवलेल्या 6-0 अशा विजयात एस्तेबान कांबियासो याने जो गोल केला, त्याआधी अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी चोवीस-पंचवीस पास दिले होते. तो गोल पुन्हा पाहाल, तेव्हा शेवटचा टाचेचा पास किंवा फटका पाहू नका, सुरुवातीपासून रिकेल्मेकडे पाहा. दर दोन-चार पासांनी चेंडू त्याच्याकडे येतो. वाट बंद दिसली की तो निमूटपणे मागे देतो आणि चार पावले सरकून पुन्हा मागतो. सर्बियाचे खेळाडू प्रत्येक वेळी थोडे थोडे सरकत गेले आणि एक वेळ अशी आली की मधोमध वाट मोकळी झाली.

30 जूनला बर्लिनमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात रिकेल्मेच्या कॉर्नरवर रोबेर्तो आयाला याने 49 व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ घडल्या. गोलरक्षक आबोन्दान्सिएरी जखमी झाला आणि 71 व्या मिनिटाला त्याच्या जागी राखीव गोलरक्षक फ्रांको याला आणावे लागले. लगेच 72 व्या मिनिटाला रिकेल्मेला काढून कांबियासोला उतरवण्यात आले. 79 व्या मिनिटाला एर्नान क्रेस्पोच्या जागी उंच आघाडीवीर हुलिओ क्रूस आला. तेव्हाच्या नियमानुसार तीनच बदल करता येत होते, ते संपले. पुढच्याच मिनिटाला मिरोस्लाव्ह क्लोज याने बरोबरी साधली. तरुण लिओनेल मेस्सी बाकावर बसून राहिला. शूटआऊटमध्ये जर्मनी 4-2 ने जिंकली. आयाला आणि कांबियासो यांचे फटके अडवणारा गोलरक्षक होता तोच येन्स लेहमन, ज्याने दोन महिन्यांपूर्वी रिकेल्मेची पेनल्टी अडवली होती.

पेकरमन यांच्या बाजूने बोलायचे, तर रिकेल्मे दमला होता, जर्मनीचे टोर्स्टन फ्रिंग्स आणि मिखाएल बालाक मध्यभागी जोर लावत होते आणि ताज्या दमाचा, बचाव जाणणारा खेळाडू आणणे हा पाठ्यपुस्तकी निर्णय होता. गोलरक्षकाच्या दुखापतीने एक बदल खाल्ला, हाही त्यांचा अपराध नव्हे. आमचे मत तरीही त्यांच्या विरोधात आहे. जो संघ पेकरमन यांच्या जवळपास दोन वर्षांत दुसऱ्या कुठल्या पद्धतीने आघाडी राखायला शिकलाच नव्हता, त्याच्या हातून चेंडू जवळ ठेवणारा एकमेव माणूस काढून घेतल्यावर उरलेल्या खेळाडूंपाशी मागे हटण्यावाचून उपाय राहिला नाही. टोकियोत बियांची यांनी याच परिस्थितीत नेमके उलट केले होते. मेस्सीविषयी म्हणाल, तर तिसरा बदल करताना क्रूसऐवजी त्याला निवडता आले असते. ती निवड पेकरमन यांचीच होती आणि सामन्यानंतर त्यांनी पदाचा राजीनामा दिला.

प्रश्न : मॅराडोनाशी त्याचे का बिनसले?
(वाचक, सातारा)

2006 च्या पराभवानंतर झालेली टीका आईच्या प्रकृतीला सोसवत नाही, असे सांगून रिकेल्मेने राष्ट्रीय संघ सोडला होता. 2007 मध्ये तो परतला. त्या वर्षीच्या कोपा अमेरिका स्पर्धेत त्याने पाच गोल केले, पण अंतिम सामना ब्राझीलने 3-0 ने जिंकला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो कर्णधार होता आणि संघाने सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी मॅराडोना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. रिकेल्मे सध्या ज्या पद्धतीने खेळतो ती आपल्या उपयोगाची नाही, असे त्यांनी दूरचित्रवाणीवरून जाहीर केले. समोर बसून सांगण्याची गोष्ट जगासमोर सांगितली, याचा रिकेल्मेला राग आला आणि मार्च 2009 मध्ये त्याने आपल्या दोघांची तत्त्वे जुळत नाहीत असे सांगून संघाला कायमचा रामराम ठोकला. अर्जेंटिनाकडून 51 सामने आणि 17 गोल, एवढ्यावर हिशेब थांबला. दोघेही मानी, मध्यस्थ मिळाला असता, तरी सूत जमले असते असे वाटत नाही.

प्रश्न : गोल केल्यावर दोन्ही कानांना हात लावून उभा असलेला त्याचा फोटो सगळीकडे दिसतो. त्याचा अर्थ काय?
(वाचक, संगमनेर)

8 एप्रिल 2001 रोजी रिव्हरविरुद्धच्या सामन्यातील तो फोटो आहे. रिकेल्मेची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, उसळून आलेला चेंडू त्याने डोक्याने आत घातला आणि तो मैदानाच्या मध्यभागी जाऊन, दोन्ही तळवे कानांमागे धरून, मानधनावरून ज्यांच्याशी खटके उडत होते त्या क्लबच्या अध्यक्षांच्या सज्जाकडे तोंड करून उभा राहिला. अध्यक्ष होते मौरिसियो माक्री, जे पुढे 2015 मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झाले. सामन्यानंतर रिकेल्मेने साळसूदपणे सांगितले, की मुलीला टोपो जिजिओ हा मोठ्या कानांचा बाहुला उंदीर आवडतो, म्हणून तसे केले. या खुलाशावर कोणीही विश्वास ठेवला नाही. ठेवावा अशी त्याचीही इच्छा नसावी.

प्रश्न : आमच्या तालमीच्या संघात असाच एक मुलगा आहे. पास अप्रतिम, पण पळत नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर धसमुसळा खेळ चालतो, त्यात त्याला खेळवावे का?
(प्रशिक्षक, कोल्हापूर)

आपला मुलगा आम्ही पाहिलेला नाही, तेव्हा बेताने लिहितो. पहिला प्रश्न त्याच्याविषयी नसून त्याच्या मागे खेळणाऱ्या दोघांविषयी आहे. चेंडू मिळवून तो तत्काळ त्याच्याकडे देणारे आणि हे काम कमीपणाचे न मानणारे दोन दमदार खेळाडू आपल्याकडे असतील, तर त्याला अवश्य खेळवा. नसतील, तर त्याच्यावर अन्याय होईल आणि संघावरही. दुसरे, त्याला कडेला ढकलू नका. बार्सिलोनाचे उदाहरण वर दिलेच आहे. तिसरे, पाठीवर माणूस असताना चेंडू तळव्याखाली ठेवण्याचा सराव त्याच्याकडून रोज करून घ्या. रिकेल्मे पळत नसे हे पाहून मुले पळणे सोडतात, पण त्याच्याकडून चेंडू काढून घेणे किती अवघड होते, ही बाब त्यांच्या नजरेतून सुटते. धसमुसळ्या खेळात असा मुलगा लाथा खाणार हेही गृहीत धरा. फ्री किक उत्तम मारणारा असेल, तर त्या लाथांचेही मोल वसूल होते.

प्रश्न : बोकाला परतल्यानंतरची त्याची कारकीर्द कशी झाली? आता तो काय करतो?
(वाचक, ठाणे)

पेलेग्रिनी यांच्याशीही अखेर बिनसले आणि 2007 च्या आरंभी व्हिलारेआलने त्याला काही महिन्यांसाठी बोकाकडे पाठवले. त्या काही महिन्यांत त्याने कारकिर्दीतले कदाचित सर्वोत्तम फुटबॉल खेळले. कोपा लिबर्तादोरेसच्या अंतिम फेरीत ग्रेमिओविरुद्ध घरच्या 3-0 अशा विजयात त्याचा एक गोल होता आणि परतीच्या सामन्यातील दोन्ही गोल त्याचेच होते. पुढे तो कायमचा बोकात परतला, 2008 व 2011 मध्ये साखळी विजेतेपदे मिळाली. 2012 मध्ये लिबर्तादोरेसचा अंतिम सामना कोरिंथियन्सविरुद्ध गमावल्यावर, आपण आतून रिते झालो आहोत असे सांगून त्याने क्लब सोडला. 2013 मध्ये बियांची परत आले तेव्हा तोही परतला. 2014 मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या आर्जेंतिनोस ज्युनियर्सकडे, म्हणजे बालपणीच्या क्लबकडे गेला, त्यांना वर्षअखेर पहिल्या श्रेणीत चढवले आणि जानेवारी 2015 मध्ये निवृत्ती जाहीर केली. निरोपाचा सामना मात्र 25 जून 2023 रोजी ला बोम्बोनेरावर झाला. तोवर विश्वविजेता झालेला मेस्सी त्यात खेळला. या दोघांचा वाढदिवस एकच, 24 जून.

आता तो बोकाचा अध्यक्ष आहे. 2019 मध्ये उपाध्यक्ष म्हणून निवडून आला आणि डिसेंबर 2023 च्या निवडणुकीत त्याने आंद्रेस इबारा यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. इबारा यांच्या बाजूने उपाध्यक्षपदासाठी उभे होते तेच मौरिसियो माक्री. सभासदांचे प्रेम त्याच्या वाट्याला आले, मैदानावरील यश मात्र बेताचेच आहे. उपाध्यक्षपदाच्या काळात बोकाने देशांतर्गत विजेतेपदे मिळवली, पण नोव्हेंबर 2023 मध्ये लिबर्तादोरेसचा अंतिम सामना फ्लुमिनेन्सने अतिरिक्त वेळेत 2-1 ने जिंकला, आणि 2025 च्या क्लब विश्वचषकात बोकाला न्यूझीलंडच्या हौशी ऑकलंड सिटी संघाशी 1-1 अशी बरोबरी पत्करून गटातूनच परतावे लागले. तो सामना 24 जूनला होता. प्रशिक्षक वारंवार बदलणे आणि संघनिवडीत फार लक्ष घालणे, हे आक्षेप त्याच्यावर घेतले जातात. पहिला आक्षेप आम्हाला योग्य वाटतो. दुसऱ्याविषयी एवढेच म्हणता येईल, की ज्या सभासदांनी त्याला मते दिली, त्यांनी ती याच अपेक्षेने दिली होती.